भाताची लावणी, लॅपटॉपवर

दार लावून घ्या आधी. आणि सांगतेय ते चार भिंतींतच राहू द्या. मुलगा आमच्याच घरातला आहे, माझ्या सख्ख्या बहिणीचा. नोकरी चांगली आहे, निर्व्यसनी आहे असं पत्रिकेसोबतच्या कागदावर आम्हीच लिहून दिलंय, आणि अजून कुठे काही ठरलेलं नाही. उद्या मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर काय सांगायचं? की सुपारीचं खांड तोंडात घालत नाही, पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खिडक्यांमधली फट मोजत बसतो?

हो, फट. लॅपटॉपवरच्या खिडक्या हो, गजांच्या नव्हेत. थांबा, क्रमाने सांगते.

झालं असं, की सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस काढायची होती. मी सेक्रेटरी. (हौसेने नाही, दुसरं कुणी तयार नव्हतं.) घरचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला, म्हणून भाच्याच्या खोलीत डोकावले. टेबलावर लॅपटॉप उघडा आणि पडदा पांढराफटक. अक्षर नाही, चित्र नाही, घड्याळसुद्धा नाही. म्हटलं, गेला वाटतं बिचारा. चांगुलपणाने बटण पाच सेकंद दाबून धरलं आणि बंद करून टाकला. संध्याकाळी जे महाभारत झालं ते विचारू नका. तो बिघडलेला नव्हता म्हणे, त्याला कुलूप होतं. आयथ्रीलॉक नावाचं. पासवर्ड टाइप करायला लागलात की मधोमध एक गोल कडं उमटतं, तोवर कोरा कागद. मी म्हटलं, अरे, कुलूप आहे हेच दिसलं नाही तर माणूस दार मोडणारच की.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः उघडून दिला. आत काय असावं? जांभळट डोंगराचं चित्र, वर एक बारीकशी पट्टी, पट्टीवर मुंगीएवढी चिन्हं. बस. फोल्डर नाही, कचऱ्याची टोपली नाही, कोपऱ्यातलं बटण नाही. माउस हलवला तर बाण फिरतोय, पण बाणाने टोचायचं कशाला? मी शोधतेय तोवर मागून आवाज आला, ‘‘मावशी, माउसला हात लावू नकोस. वेळ जातो त्यात.’’

मग त्याने चालवून दाखवला. एक बटण दाबलं, काळी खिडकी उघडली, सबंध पडदाभर. पुन्हा दाबलं, पहिली आक्रसून अर्ध्यावर गेली आणि शेजारी दुसरी आली. तिसऱ्यांदा दाबलं, त्या अर्ध्याचे दोन तुकडे. गवंडी फरशा बसवतो तशा एकीला लागून एक, एकीवर एक कधीच नाही. म्हणून याला टायलिंग म्हणतात. बघायला झकास, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, आता नोटीस टाइप करू. तर वर्ड नाही. वर्डसारखं दुसरंही काही नाही. हा म्हणे लिहितो व्हिममध्ये, मांडणी लाटेकमध्ये. बरं, छापू. तर प्रिंटर अजून जोडलेला नाही, ‘ते राहिलंय’. आठ महिन्यांत पट्टीवरच्या मुंग्यांचा रंग चौदा वेळा बदलून झाला, प्रिंटर राहिलाय! शेवटी नोटीस हाताने लिहिली आणि कोपऱ्यावरून झेरॉक्स आणली. पंधरा प्रती, वीस मिनिटं.

पडदा नटवण्याच्या या प्रकाराला नाव काय आहे ठाऊक आहे? राइसिंग. राइस म्हणजे भातच. मूळ अमेरिकेतलं, आणि मूळ चांगलं नाही. जपानी गाड्यांना तिथले लोक हिणवून ‘भातावर चालणाऱ्या’ म्हणायचे. मग साध्याशा जपानी गाडीला मागे पंख, बाजूला पट्टे आणि खाली निळे दिवे लावून ती शर्यतीची असल्यासारखी मिरवणाऱ्यांना तोच शब्द चिकटला. पुढे कुणीतरी त्या आद्याक्षरांना ‘रेस इन्स्पायर्ड कॉस्मेटिक एन्हान्समेंट’ असं सोवळं नेसवलं, पण ते मागाहून. आणि तिथून शब्द आला लिनक्सवाल्यांकडे, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर मशीन चालवणाऱ्या आमच्या भाच्यासारख्यांकडे. आपल्याकडे भाताची लावणी गुडघाभर चिखलात करतात आणि शृंगाराची लावणी फडावर होते. या पोरांनी दोन्ही एकत्र केल्या. चिखलही तेवढाच आणि नटणंही तेवढंच.

‘‘नटणं नाही मावशी, एफिशियन्सी,’’ हे त्याचं पालुपद. ठीक आहे. मी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत, हिशेब मांडता येतो. माउसने खिडकी उघडायला समजा तीन सेकंद, कीबोर्डने एक. वाचले दोन. दिवसातून शंभर वेळा उघडली, तर 200 सेकंद. वर्षात कामाचे 250 दिवस धरले तर 50,000 सेकंद, म्हणजे चौदा तास होत नाहीत. आता खर्चाची बाजू. आठ महिने, दर शनिवार-रविवार, आठवड्याला सहा तास तरी. 210 तास झाले. म्हणजे पंधरा वर्षं याच लॅपटॉपवर, याच मांडणीत, एक स्क्रू न हलवता हा बसला, तर हिशेब बरोबरीत येईल. आणि या आठ महिन्यांत त्याने किती वेगवेगळ्या मांडण्या केल्या? तीन! आधी आयथ्री, मग स्वे, आता हायपरलँड; ही सगळी खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रॅमांची नावं. आयथ्रीत खिडकी बंद करायला क्यू हे अक्षर वापरायचं, सोबत दोन बटणं दाबून. हायपरलँडच्या आयत्या मांडणीत क्यू दाबलं की काळी खिडकी उघडते. एका घरात जी बंद करायची किल्ली, ती दुसऱ्या घरात उघडायची. पहिला आठवडाभर हा खिडकी बंद करायला जायचा आणि आणखी तीन उघडून बसायचा.

आता फटीची गोष्ट. बसलात का नीट? ही टायलिंगची सगळी विद्या कशासाठी निघाली? तर पडद्यावरची तसूभर जागा वाया जाऊ नये म्हणून. खिडकीची चौकट नको, मथळ्याची पट्टी नको, सगळं चिकटून. आणि असं सगळं चिकटून मिळाल्यावर या लोकांनी काय केलं? आयथ्रीची एक वेगळी आवृत्ती काढली, आयथ्री-गॅप्स नावाची, खिडक्यांच्या मधे रिकामी जागा सोडण्यासाठी! कितीतरी वर्षं ती मूळ आयथ्रीच्या शेजारी वेगळी चूल मांडून होती. शेवटी जानेवारी 2023 मध्ये, 4.22 या आवृत्तीत, मूळ घराने तिला पदरात घेतलं. मी भाच्याला विचारलं, फट किती ठेवलीस? म्हणे आत 8, बाहेर 16. हे सांगताना चेहरा असा, जसं काही ज्ञानेश्वरीची ओवी सांगतोय. आणि फटीतून काय दिसतं? मागचा डोंगर. मग मागचा डोंगर शोभावा म्हणून काळी खिडकी अर्धपारदर्शक, आणि डोंगरामुळे अक्षरं वाचता येईनात म्हणून डोंगर धूसर! एवढं करण्यापेक्षा डोंगर काढून टाक ना. पण नाही.

यांच्यात सोवळं-ओवळंही भयंकर आहे हं. आर्च लिनक्स नावाचा एक पंथ आहे, 2002 पासूनचा. ते बसवायचं म्हणजे काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा हाताने लिहायची. त्यातून पार पडलेला माणूस पुढे कुठल्याही बोलण्यात, विषय भाजीचा असला तरी, ‘मी आर्च वापरतो बरं का’ हे घातल्याशिवाय राहत नाही. मूळच्या पुणेकराला जसं राहवत नाही तसं. 2021 मध्ये आर्चवाल्यांनीच बसवण्याची सोपी सोय करून दिली, तर जुन्या मंडळींची तोंडं अशी झाली, जशी कुणाची मुंज ऑनलाइन लागली. आणि डीडब्ल्यूएम म्हणून खिडक्या मांडायचं जे आणखी एक आहे, त्याची तर कमाल. 2006 सालचं. त्यात रंग बदलायचा तर सेटिंग नाहीच, मूळ प्रोग्रॅमची फाइल उघडायची, त्यात बदल करायचा आणि सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधून काढायचा. कुंकवाचा रंग बदलायचा तर नवं कपाळ. हे लोक स्वतःच्या पानावर उघड लिहितात, की यामुळे आमची मंडळी मोजकी आणि उच्चभ्रू राहतात आणि नवशिके येऊन खुळे प्रश्न विचारत नाहीत. आमच्या कचेरीतले वरिष्ठही असंच वागायचे, पण निदान फलकावर लिहीत नव्हते!

कीबोर्डावरून तर मी त्याला चांगलाच धरला. सांगतो काय मला, ‘‘मावशी, बोटं होम रोवरून हलता कामा नयेत.’’ मला! 1983 साली इंग्रजी 40 आणि मराठी 30 अशा दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेल्या बाईला! ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे-एच-जे, हे मी टायपिंग क्लासात डोळ्यांवर रुमाल बांधून बडवलंय. मी म्हटलं, दाखव तुझी बोटं कुठे फिरतात. तर व्हिममध्ये डावीकडे जायला एच, खाली जे, वर के, उजवीकडे एल. मी म्हटलं, अरे मग हे चुकलंय. उजव्या हाताचं पहिलं बोट जे-वर असतं. तुम्हाला दर वेळी ते एक घर सरकवावं लागतं, आणि करंगळी सेमीकोलनवर रिकामी बसून राहते. ही कसली होम रो?

बोलती बंद. मग म्हणाला, त्याला इतिहास आहे. इतिहास असा, की व्हिमचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय नावाच्या माणसाने 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कलीला लिहिला. तेव्हा त्याच्यापुढे जे यंत्र होतं, एडीएम-थ्रीए, त्याला बाणांची वेगळी बटणं नव्हती. एच, जे, के, एल याच बटणांवर बाण छापलेले होते. झालं! पन्नास वर्षं होत आली, ते यंत्र संग्रहालयात गेलं, आणि ही पोरं अजून त्या बटणांवरून चालतायत. एक मात्र सांगते, आयथ्री लिहिणारा जो जर्मन आहे, मिशाएल श्टापेलबर्ग, त्याला टायपिंग कळत असणार. त्याच्या मूळ मांडणीत जे, के, एल आणि सेमीकोलन अशी चार बटणं आहेत, बोटं असतात तिथेच. आणि व्हिमवाल्यांना नेमकं हेच खपत नाही, आयथ्री बसवल्याबरोबर पहिलं काम ते पुन्हा एक घर सरकवण्याचं करतात. भाच्यानेही तेच केलं होतं. सून कितीही शहाणी असली तरी कणीक सासूच्याच मापाने मळायची.

एवढं सगळं ठेवतात कुठे, तर टिंबफाइलींत. नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की ती फाइल यादीत दिसत नाही, माळ्यावर टाकल्यासारखी. या फाइलींचा संसार गिटहबवर जगाला दाखवायला मांडतात, आणि जग त्यातून उचलतं. आता यातली गंमत. ही लपवण्याची सोय कुणी ठरवून केलेलीच नव्हती. युनिक्सच्या घरातला रॉब पाइक यानेच ते सांगितलंय. प्रत्येक फोल्डरच्या यादीत एक टिंब आणि दोन टिंबं अशा दोन नोंदी दिसायच्या, त्या दिसू नयेत म्हणून एकाने प्रोग्रॅममध्ये एवढंच तपासलं, की पहिलं अक्षर टिंब आहे का. पुढचं बघायचा कंटाळा केला. त्यामुळे टिंबाने सुरू होणारी कुठलीही फाइल दिसेनाशी झाली, आणि लोकांनी ‘वा, काय सोय’ म्हणून आपलं सामान तिथे टाकायला सुरुवात केली. कारकुनाची एक ओळ राहून गेली आणि पुढे तिचाच शासननिर्णय झाला. ओळखीचं वाटलं मला हे.

तुम्ही म्हणाल, नटण्याने नुकसान तर होत नाही ना कुणाचं? ऐका तर मग. केडीई म्हणून लिनक्सच्या डेस्कटॉपचं एक मोठं घराणं आहे, 14 ऑक्टोबर 1996 ला मातियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने त्याची घोषणा केली. या घराण्यात लग्नाच्या बुफेसारखं सगळं मांडून ठेवलेलं, हवं ते वाढून घ्या. सजावटीचं सामानही तिथेच, लोकांनी केलेलं आणि लोकांनीच उचलायचं. मार्च 2024 मध्ये एकाने तिथून एक रूपसज्जा उतरवली. फक्त रंगरूप हं. तर त्या रूपसज्जेच्या पोटात एक चुकलेली आज्ञा होती, आणि तिने त्या माणसाच्या सगळ्या फाइली पुसून टाकल्या. जोडलेल्या डिस्कांवरच्यासुद्धा! रंगारी भिंतीला हात मारायला आला आणि घर पाडून गेला. केडीईवाल्यांनाच मग जाहीर सांगावं लागलं, की बाबांनो, ही सजावट म्हणजे नुसता रंग नसतो, त्यात चालणारा प्रोग्रॅमही असू शकतो, जपून. हे मी भाच्याला वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘‘मी केडीई वापरत नाही.’’

दुसऱ्या टोकाला ग्नोमवाले, डेस्कटॉपचंच दुसरं घराणं. त्यांचा बाणा जुन्या वाड्याच्या मालकासारखा, राहा सुखाने पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही. 2011 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, त्यात खिडकी लहान करायचं आणि मोठी करायचं अशी दोन्ही बटणं काढून टाकली. का, तर तुम्हाला त्यांची गरज नाही! माणसांनी मग वरून जोडण्या लावल्या, त्यांना एक्सटेन्शन म्हणतात, आणि दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की त्यातल्या काही मोडायच्या. 2023 च्या सप्टेंबरात 45 वी आवृत्ती आली आणि सगळ्याच मोडल्या, एकजात सगळ्या नव्याने लिहाव्या लागल्या. त्याआधी 2019 मध्ये त्यांच्या काही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी जाहीर पत्रच काढलं होतं, की कृपा करून आमच्या कामाला रंग फासू नका. तसं त्यांच्या बाजूनेही आहे म्हणा. आपण बाळंतविडा रीतीने बांधून द्यावा आणि समोरच्याने त्यावर चमकी चिकटवून पुढे द्यावा, राग येणारच.

आणि या सगळ्यांचा मूळपुरुष? लिनस टोरवाल्ड्स, 1991 मध्ये ज्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला? त्याचा पडदा कसा असेल असं मी भाच्याला विचारलं, तर पठ्ठ्याने विषयच बदलला. कारण तो माणूस वर्षानुवर्षं साधं फेडोरा लिनक्स वापरतो, त्याला बसवण्याबिसवण्यात वेळ घालवायचाच नसतो. 2011 मध्ये ग्नोमच्या त्या नव्या रूपावर भडकून एक्सएफसीई नावाच्या तिसऱ्या घराण्याकडे गेला, रुसून माहेरी गेल्यासारखा, आणि दोन वर्षांत परत ग्नोमकडे आला. म्हणजे ज्याने विहीर खणली तो साध्या तांब्याने पाणी पितो, आणि बाकीचे रहाटाला घुंगरू बांधतायत. पण थांबा, त्याचीही अंडीपिल्ली आहेतच. लिहायला तो मायक्रोईमॅक्स नावाचा जुनाट संपादक वापरतो आणि त्याची स्वतःपुरती आवृत्ती स्वतःच सांभाळतो, कारण बोटांना त्याची सवय झालीय. हे ऐकलं तेव्हा मला तो पहिल्यांदा आपल्यातला वाटला. कचेरीत मीही माझ्या गोदरेजच्या टाइपिंग मशीनला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

मराठीचं काय, हे विचारलंत ते बरं केलंत. एवढा नटवलेला पडदा, म्हटलं त्यावर ‘किती’ लिहून दाखव. त्या काळ्या खिडकीत त्याने लिहिलं, तर क वेगळा, पहिली वेलांटी भलतीकडे, आणि तिच्याभोवती एक ठिपक्यांचं वर्तुळ. जोडाक्षरांची तर पंगत उठल्यासारखी दशा. कारण काय, तर काळ्या खिडकीत प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचं घर. इंग्रजी त्यात मावते. आपली मात्रा वर जाणार, उकार खाली, वेलांटी उच्चारात मागून पण लिहिताना आधी, ती काय घरात मावणार? आता मला सांगा, टाइपरायटरलासुद्धा सारख्या मापाचंच घर होतं. पण तिथे उकार-मात्रांची बटणं अशी केलेली, की दाबली तरी गाडी पुढे सरकत नसे. अर्धं अक्षर मारायचं आणि मग काना मारून पूर्ण करायचं. लोखंडाच्या यंत्राने जे करून दाखवलं, ते यांच्या नटव्या पडद्याला जमत नाही. आणि नुसतं दिसण्याचं नाही, मराठी टाइप करायलाही त्याच्या मांडणीत आधी आयबस चालू करा, मग चार ओळी अमुक फाइलीत लिहा, मग पुन्हा लॉगिन करा. आईला दिवाळीचा निरोप तो रोमनमध्ये पाठवतो.  बहीण मला विचारते, हे काय लिहिलंय गं.



2025 हे वर्ष तर या मंडळींना फार जड गेलं. एप्रिलात प्यूडायपाय नावाचा स्वीडिश यूट्यूबर, ज्याचे दहा कोटींहून जास्त वर्गणीदार आहेत, त्याने सांगून टाकलं की मी लिनक्स घेतलं, तुम्हीही घ्या. आणि नुसतं घेतलं नाही, आर्चवर हायपरलँड लावून मिरवलं. वाडीतल्या गुप्त देवस्थानाला टीव्हीवाले पोहोचावेत तसं झालं. त्याच वर्षी डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन, रूबी ऑन रेल्सवाला, त्याने ओमार्ची काढलं. म्हणजे आर्च आणि हायपरलँड, नटवून-सजवून, एकदम तयार. आयते उकडीचे मोदक! ज्यांनी रात्र-रात्र पारी वळली त्यांच्या पोटात काय कालवलं असेल. भाचा दोन दिवस जेवला नाही नीट. ‘‘त्यात तुझं असं काय राहिलं?’’ हाच प्रश्न. मी म्हटलं, अरे, मग आधी सांगायचंस ना की वेळ वाचवायचाच नव्हता.

त्यावर तो काही बोलला नाही.

मात्र सगळ्यात खमंग बातमी मी राखून ठेवली होती. निओफेच नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. काम एकच. चालवला की तुमचं लिनक्स कुठलं, त्याचा शिक्का अक्षरांनी रेखाटून दाखवायचा, आणि शेजारी मशीन कुठलं, मेमरी किती, कधीपासून चालू, असा बायोडेटा. ज्याचं त्याला माहीत असलेलंच त्याला सांगायचं. पण पडद्याचा फोटो काढायचा तर हा कोपऱ्यात हवाच, लग्नाच्या फोटोत करवली हवी तसा. तो लिहिणारा डिलन अरॅप्स. एप्रिल 2024 मध्ये त्याने आपलं सगळं काम कुलूप लावून ठेवलं, निओफेचसकट, आणि स्वतःच्या ओळखीच्या जागी एवढंच लिहिलं, की शेती करायला लागलो आहे. खरंच! हजारो पोरं लॅपटॉपवर भात लावतायत, आणि भाताला लागणारी करवली ज्याने पुरवली तो उठून शेतात गेला. हे सांगताना भाच्याचा आवाज जरा खाली आला होता. दोन मिनिटांनी म्हणाला, आता सगळे फास्टफेच वापरतात.

हं. आता तुम्ही विचारणारच, की तुला बाई एवढं सगळं कसं ठाऊक. तेच सांगायचं टाळत होते.

आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीहून आला तो निरोप घेऊनच. मशीन जुनं, त्यावर विंडोज 11 चढत नाही, आणि विंडोज 10 ची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. (केडीईचा वाढदिवसही तोच, हे भाच्याने टाळी घेऊन सांगितलं.) नवीन घ्या, असं दुकानदाराचं म्हणणं. भाचा म्हणाला, थांब, आणि त्यावर लिनक्स मिंट बसवून दिलं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, प्रिंटर आपोआप सापडला. यांना तर दोन दिवस पत्ताच लागला नाही की काही बदललंय. सोय म्हणतात ती ही, असं मी चारचौघांत ठासून सांगत होते.

मग एका रविवारी हा माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला. मराठीची कीबोर्डाची मांडणी एका साध्या फाइलीत लिहिलेली असते, ती त्याने उघडली आणि विचारलं, ‘‘मावशी, तुझ्या मशीनवर काना कुठे होता? अर्धा श कुठे? तुला कुठलं अक्षर कुठे हवंय?’’

तेहतीस वर्षं नोकरी केली हो मी. मशीन बदलली, विभाग बदलला, मग कॉम्प्युटर आले, मग युनिकोड आलं, आणि दर वेळी परिपत्रक यायचं की आता बोटं अशी फिरवा. कुठलं अक्षर कुठे हवंय, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले, हात टेबलावर ठेवले आणि बोटांनी सांगायला सुरुवात केली. रात्रीचा एक वाजला.

पुढचं काय सांगू. दुसऱ्या आठवड्यात खालची पट्टी वर नेली, कारण नोटीस लिहिताना ती मधे मधे येत होती. मग ती लपवलीच, बाण वर नेला की येते. सोसायटीचा मथळा, ‘सर्व सभासदांना कळवण्यात येते की’पर्यंत, दोन बटणांत उमटतो. कॅप्स लॉक मला कधीच लागत नाही, म्हणून त्यावर मराठी-इंग्रजीची अदलाबदल ठेवली. डेस्कटॉपवरची चिन्हं काढली, फार गर्दी वाटत होती. मागे वाईचा घाट आहे, संध्याकाळचा. अक्षरं त्यावर नीट वाचता येईनात म्हणून जरा धूसर केलाय.

परवा दुपारी मी पोळ्या करत होते. यांना मुदतठेवीचं व्याज किती जमा झालं ते बघायचं होतं. पाच मिनिटं शांतता. मग हाक आली, ‘‘अगं, हे सगळं गेलं कुठे? आणि मी पासवर्ड इंग्रजीत मारतोय तर मराठी का उमटतंय?’’

मी तव्यावरून नजर न काढता म्हटलं, ‘‘माउसला हात लावू नका, येते मी.’’

पोळी उलटून, गॅस बारीक करून खोलीत गेले, तर पडदा काळा होता. बटणावर यांचं बोट होतं, अजून दाबलेलंच.